दहा लाख एक आणि विधाते बाई

विधाते बाईंसमोर कुणी "बापरे, केवढी मोठी संख्या!" म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. "मोठी म्हणजे काय? लांब आहे म्हणा. लांब असली म्हणजे मोठी होते का? आधी तिला विचारा, बाई तू कोण?"

मोठा आकडा दिसला की लोक एकतर घाबरतात, नाहीतर नमस्कार करतात, असं त्यांचं ठाम मत होतं. दोन्हींचा त्यांना सारखाच राग.

मी नाशकात पंचवटीतल्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला लागले ते नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा. रुजू व्हायला गेले तर हेडबाई मीटिंगमध्ये. शिक्षकखोलीत एकच बाई बसलेल्या. उंच, काटक, रंगानं सावळ्या, वेणीत अबोलीचा भरगच्च गजरा आणि पदराच्या टोकाला खडूची पूड. त्यांनी माझ्या हातातलं नेमणूकपत्र न विचारता घेतलं. मला वाटलं, नाव वाचतायत. त्यांनी नाव वाचलंच नाही.

"चार हजार सहाशे एकेचाळीस," जावक क्रमांकावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "अंकांची बेरीज पंधरा. म्हणजे तीन गेला. राहिले पंधराशे सत्तेचाळीस. सात जातो. दोनशे एकवीस. तेरा सतरा!" मग माझ्याकडे बघून हसल्या. "तीन, सात, तेरा, सतरा. चारही मूळ, एकही दुबार नाही. चांगला नंबर आलाय तुला. नाव काय तुझं?"

"मंदा."

"गणित येतं का?"

"नाही."

"भीती वाटते?"

"हो."

"मग बरं आहे. ज्यांना येतं असं वाटतं त्यांचाच त्रास जास्त."

बाई मूळच्या मखमलाबादकडच्या. भावाचा मळा होता, त्यात भाजी आणि फुलं. आठवड्यातून एकदा तो मोटारसायकलवर पोतं बांधून शाळेच्या फाटकाशी यायचा आणि सगळ्या शिक्षकखोलीत मेथीच्या नाहीतर कांदापातीच्या जुड्या वाटल्या जायच्या. गजराही त्याच्याच मळ्यातला. बाईंचे यजमान लग्नानंतर थोड्याच वर्षांत अपघातात गेले होते. मूलबाळ नव्हतं. सासूबाईंबरोबर त्या दोन खोल्यांत राहायच्या. नवऱ्यामागं गजरा माळतात म्हणून सुरुवातीला शाळेत कुजबुज झाली होती म्हणे. बाईंनी काय केलं, तर दुसऱ्या दिवसापासून दोन गजरे माळून यायला लागल्या. कुजबुज थांबल्यावर परत एकावर आल्या.

त्यांचा तास माझ्या वर्गाला लागून असायचा. मधली भिंत पातळ. माझी कविता चालू असली तरी पलीकडून त्यांचा आवाज यायचाच. "कुणाची आहे ही? कोण कोण जातं हिच्यात? एकआड एक अंक मिळवा बघू. अकरा जातो का? नाही? मग पुढं चला, थांबायचं नाही." संख्यांच्या जाती त्या मुलींना पुस्तकात नसलेल्याही शिकवायच्या. स्वतःहून लहान असे सगळे विभाजक मिळवले आणि बेरीज संख्येपेक्षा जास्त भरली तर ती विपुल, कमी भरली तर न्यून, आणि नेमकी तेवढीच भरली तर परिपूर्ण. बारा विपुल, दहा न्यून, अठ्ठावीस परिपूर्ण. मुलींना हे इतकं आवडायचं की डब्याच्या सुट्टीतही त्या एकमेकींचे हजेरी क्रमांक तपासत बसायच्या.

एकदा मी गमतीनं विचारलं, "बाई, आपल्या हेडबाई कशात बसतात? विपुल की न्यून?"

मला वाटलं हसतील. बाई एकदम गंभीर झाल्या. "माणसांना हे नाही करायचं, मंदा. आख्खं गाव तेच करत बसलंय."

त्यांच्या गाडीचा किस्सा तर सगळ्या नाशकाला माहीत होता, असं मला तेव्हा वाटायचं. त्यांनी नवी स्कूटर घेतली तेव्हा मीही आरटीओत बरोबर होते. तिथल्या कारकुनानं आवाज खाली आणून सांगितलं, "ताई, तुमच्या वाट्याला तेरा तेरा आलाय. एक हजार तीनशे तेरा. कुणी घेत नाही हा. अंकांची बेरीज आठ, म्हणजे शनी. आणि दोनदा तेरावं! थोडं थांबलात तर पुढचा देतो."

रांगेतले दोन-तीन जण सहानुभूतीनं मान हलवायला लागले. बाईंनी पर्समधून कागदपत्रं काढून त्याच्यासमोर ठेवली.

"तेरावं मी एकदा घातलंय, भाऊ," त्या म्हणाल्या. "आणखी काय व्हायचं राहिलं? तेरा गुणिले एकशे एक. दोन्ही मूळ. असा स्वच्छ नंबर सोडून मी तुमचा पुढचा कशाला घेऊ? द्या."

त्या गाडीवर मागं बसून मी सगळं नाशिक फिरले. एकदाही पडलो नाही. एकदा पंक्चर झालं, तेव्हा शिक्षकखोलीत कुणीतरी म्हणालंच, "शनी." बाई म्हणाल्या, "खिळा."

पण मला त्यांच्याबद्दल सांगायचंय ते खरं तर यमुनाच्या प्रकरणामुळे.

यमुना पेठ तालुक्यातल्या डोंगरातली. शाळेजवळच्या वसतिगृहात राहायची. अंगानं बारीक, बोलणं कमी. आई-बाप पावसाळ्यात गावाकडं भात आणि नागली लावायचे आणि हंगाम आला की निफाडकडं द्राक्षबागांत कामाला उतरायचे. वसतिगृह दहावीपर्यंतच होतं. दहावीनंतर पोरीला आपल्याबरोबर बागेत न्यायचं हे बापानं ठरवून टाकलेलं. एकच वाट होती. एका संस्थेची गणिताची परीक्षा असायची आणि तिच्यात वरच्या यादीत आलेल्या मुलींचा बारावीपर्यंतचा राहण्याशिकण्याचा खर्च संस्था करायची. बाईंनी यमुनाला त्या परीक्षेला बसवलं. शाळा सुटल्यावर मागच्या वर्गात दोघी बसायच्या. मी वह्या तपासत तिथंच रेंगाळायचे.

निकाल लागला. यमुना यादीच्या खाली राहिली, एका गुणानं.

बाईंनी प्रश्नपत्रिका आणि संस्थेनं छापलेली उत्तरं मागवून घेतली. प्रश्न असा होता: खालीलपैकी मूळ संख्या कोणती? पहिले तीन पर्याय होते एक हजार एक, एक लाख एक आणि दहा लाख एक. चौथा पर्याय, यांपैकी एकही नाही. यमुनानं चौथा लिहिला होता. छापील उत्तर होतं, दहा लाख एक.

"यमुना," बाईंनी तिला बोलावून विचारलं, "हे का लिहिलंस?"

"घनाचं सूत्र लावलं, बाई," ती खाली बघत म्हणाली. "दहा लाख म्हंजे शंभराचा घन. त्याच्यात एक मिळवला. एक म्हंजे एकाचा घन. दोन घनांची बेरीज असली तर त्यांच्या बेरजेनं भाग जातोच ना? शंभर अधिक एक. एकशे एकनं जातो."

बाईंनी फळ्यावर गुणाकार मांडला. एकशे एक गुणिले नऊ हजार नऊशे एक. उत्तर दहा लाख एक. मलाही कळलं, म्हणजे बघा.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या रजा टाकून आम्ही दोघी संस्थेच्या कचेरीत गेलो. तिथले परीक्षाप्रमुख साहेब सभ्य होते. चहा मागवला. बाईंचा कागद वाचला आणि म्हणाले, "बाई, हा पेपर तज्ज्ञांनी काढलाय. मला आठवतंय, त्यांनी शंभरापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येनं भाग देऊन पाहिला होता. एकानंही जात नाही."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "शंभरापर्यंत नाहीच जात."

"मग?"

"मग ते तिथं थांबले. एकशे एकनं जातो."

साहेबांनी कॅल्क्युलेटर काढला. आकडे दाबले. पुन्हा दाबले. मग कॅल्क्युलेटर उलटा ठेवला आणि खुर्चीत मागं टेकले.

"तक्रारीची मुदत संपलीय," ते म्हणाले.

"मुदत संपली म्हणून गुणाकार बदलतो का?"

साहेब खुर्चीवरून उठले. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "हे बघा, उत्तर चुकलं असं जाहीर केलं तर सगळे पेपर परत तपासावे लागतील. संस्थेची अब्रू जाईल. तुमच्या मुलीला मी एक कृपागुण देतो. ती यादीत येईल. तुम्ही हे इथंच मिटवा."

माझा जीव भांड्यात पडला. मी बाईंकडे बघितलं. बाई उभ्या राहिल्या.

"कृपा कसली, साहेब? तिचं उत्तर बरोबर आहे. बरोबर म्हणा आणि गुण द्या."

"तेवढं नाही जमायचं."

"मग मला पण नाही जमायचं."

कचेरीबाहेर चहाच्या टपरीशी मी त्यांना गाठलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. "बाई, अहो त्या पोरीचं आयुष्य आहे! तुम्हाला गणित सिद्ध करायचंय, पण किंमत ती देणार. एक गुण कुठून आला, कोण विचारतंय?"

"ती विचारेल," बाई म्हणाल्या. "उद्या नाही विचारणार. पुढं कधीतरी विचारेल."

"मग तिलाच विचारा आज."

बाईंनी मान हलवली. "बरोबर बोललीस. ते मी आधीच करायला हवं होतं."

त्या संध्याकाळी वसतिगृहाच्या पायरीवर त्यांनी यमुनाला काहीही न लपवता सगळं सांगितलं. कृपागुण घेतला तर बारावीपर्यंतची सोय. नाही घेतला तर काय होईल ते सांगता येत नाही. "तुझ्या मनात असेल तर मी आत्ता जाऊन हो म्हणते. मला राग येणार नाही."

यमुना बराच वेळ पायाच्या नखानं फरशी कोरत राहिली.

"माजा उत्तर बरोबर हाय ना, बाई?"

"बरोबर आहे."

"मंग ते मला कृपा का म्हणतात?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. कृपागुण घ्यायचा नाही, हे तिथंच ठरलं.

पुढच्या आठवड्यात शाळेत पोस्टकार्डांचा सुळसुळाट झाला. बाईंनी आठवी ते दहावीच्या मुलींना सांगितलं, ज्यांना स्वतः गुणाकार करून पटेल त्यांनीच लिहायचं. पटलं नाही तर लिहायचं नाही, आणि माझ्या म्हणण्यावरून तर मुळीच लिहायचं नाही. कार्डावर दुसरं काही नाही. नमस्कार नाही, विनंती नाही. फक्त उभा मांडलेला गुणाकार आणि खाली स्वतःचं नाव. माझ्या वर्गातल्या मुली मराठीच्या तासाला बाकाखाली कार्ड ठेवून हातचे मिळवत होत्या. मी बघूनही बघितलं नाही. एक कार्ड मीही टाकलं. माझा गुणाकार दोनदा चुकला, तिसऱ्यांदा आला.

संस्थेच्या कचेरीत टपालाची चळत लागली. साहेबांचा फोन हेडबाईंना आला. हेडबाईंनी विधाते बाईंना मेमो दिला. शाळेच्या मुलींचा वापर करून बाहेरच्या संस्थेला त्रास दिल्याबद्दल खुलासा करावा, असा. बाईंनी मेमो उभ्या उभ्या वाचला आणि खालीच लिहिलं: "त्रास दिला हे मान्य. गुणाकार तपासून पाहावा." आणि सही.

"विधाते बाई, तुमची वेतनवाढ अडेल," हेडबाई म्हणाल्या.

"अडू द्या. भागाकार अडला नाही म्हणजे झालं."

वेतनवाढ खरंच अडली. आणि संस्थेनं शेवटी उत्तर बदललं. छापील पत्रक काढलं, दहा लाख एक ही संयुक्त संख्या आहे, योग्य पर्याय चौथा. पण पत्रक निघालं तोवर यादीतल्या मुलींची नावं पक्की होऊन गेली होती, जागा संपल्या होत्या. यमुनाचं उत्तर बरोबर ठरलं आणि तिला काहीच मिळालं नाही.

तिची दहावीची परीक्षा संपली त्या दिवशी तिचे वडील न्यायला आले. निफाडहून थेट आलेले, हाताला द्राक्षाच्या औषधाचा वास. बाईंनी त्यांना पत्रक वाचून दाखवलं, सगळं समजावलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, माज्या पोरीचा उत्तर बरोबर व्हता. त्यांनी पण कबूल केला. मंग ती घरी का चालली?"

 विधाते बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. परत वळल्या तेव्हा आवाज नेहमीसारखाच होता, डोळे मात्र नव्हते.

"घरी नाही चालली. माझ्याकडे चाललीय. तुम्ही हो म्हणालात तर."

आणि यमुना त्यांच्या दोन खोल्यांत राहायला आली. सासूबाईंनी पहिल्या दिवशी तिचा पेला वेगळा ठेवला. बाईंनी काही न बोलता आपलाही पेला त्याच्याच शेजारी नेऊन ठेवला. काही दिवस सासूबाईंचा पेला एकटाच आधीच्या जागी राहिला, मग एका सकाळी तिन्ही पेले एकाच फळीवर दिसले. शेजारच्या बाईंनी जिन्यात गाठून विचारलं, "मुलगी कुणापैकी?"

"अकरावीपैकी," बाई म्हणाल्या आणि चपला घालून शाळेत निघून गेल्या.

हे सगळं सोपं गेलं असं नाही. यमुना दोन वर्षं बाईंशी नीट बोलत नव्हती. जेवायची, अभ्यास करायची, भांडी घासायची, पण हसायची नाही. बाई माझ्याकडे एकदाच बोलल्या. "चुकलं असेल माझं, मंदा. तिच्या जागी मी असते तर मलाही राग आला असता. पण तो साहेब उद्या परत तसाच समोर बसला ना, तर मी परत तेच करीन. आता यात चूक कुठली नि बरोबर कुठलं, ते मला सोडवता येत नाही."

यमुना पुढं बीएस्सी झाली आणि सरकारी मोजणी खात्यात लागली. शेतांच्या हद्दी मोजायचं काम. डोंगरात, उन्हात, भांडणाऱ्या भावांच्या मधोमध उभं राहून. खूप वर्षांनी ती मला सीबीएसच्या एसटी स्टँडवर भेटली. चांगली अंगानं भरलेली, आवाज मोठा, खांद्याला पिशवी. मी धीर करून विचारलं, बाईंवरचा राग गेला का.

"गेला," ती म्हणाली. "मला वाटायचं, बाई त्यांचं भांडण माझ्या डोक्यावर ठेवून लढल्या. आता बांधावर उभी राहते ना मी, लोक म्हणतात, बाई, एवढं फूटभर इकडं सरकवा, तुमचं पण बघू. मी नाही म्हणते. तेव्हा कळतं, भांडण माझंच होतं." मग म्हणाली, "पण मॅडम, ती दोन वर्षं फार वाईट गेली. ते पण खरं आहे."

मला तिचं हे आवडलं. बाईंनाही आवडलं असतं.

दोन हजार साल उलटून गेल्यावर बाई निवृत्त झाल्या. शाळेत नव्या हेडबाई आल्या होत्या. सगळीकडे गाईडं आली, क्लास आले, आणि अभ्यासक्रमाबाहेर एक अक्षर शिकवायचं नाही असा नियम झाला. बाईंनी आठवड्यातून एक तास फुकट घेऊ का विचारलं, तर हेडबाई नाही म्हणाल्या. फाटकावरच्या शिपायाला सांगून ठेवलं, माजी शिक्षकांना कामाशिवाय आत सोडायचं नाही.

बाई आत गेल्या नाहीत. त्यांना भिंत बाहेरूनही दिसत होती.

मी शाळा सोडली त्या वर्षी, नवऱ्याच्या बदलीमुळे नाशिक सोडायचं होतं, तेव्हा शेवटचे काही कागद न्यायला गेले होते. मधली सुट्टी होती. शाळेच्या बाहेरच्या पांढऱ्या भिंतीशी भेळवाल्याच्या गाडीपासून जरा पुढं मुलींचा घोळका उभा होता. मधे विधाते बाई. केस पूर्ण पिकलेले, हातात कोळशाचा तुकडा. टाचा उंचावून त्या भिंतीवर एकेक अंक गिरवत होत्या. दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. दोनला दोननं गुणत गुणत एकतिसाव्या पायरीवर गेलं आणि त्यातून एक काढला की येते ती संख्या. मूळ आहे. हे बाईंनीच मला कधीतरी सांगितलं होतं. मुलींना त्या सांगत नव्हत्या.

"बाई, हिला कशानं भाग जातो?" एका मुलीनं विचारलं.

"मला काय विचारतेस? हिला विचार."

"पण जातो की नाही तेवढं तरी सांगा."

"मी सांगितलं आणि तू मान्य केलंस तर तुझ्या डोक्याचं काय लोणचं घालायचं?"

शेजारी रंगारी उभा होता, चुन्याची बादली आणि लांब ब्रश घेऊन. भिंत पुसून पांढरी करायला शाळेनंच त्याला पाठवलं होतं. रोजच पाठवत होती म्हणे. त्यानं मुलींच्या वह्यांकडे बघितलं, बादली खाली ठेवली आणि ब्रश भिंतीला टेकवून उभा राहिला.

मी रिक्षा थांबवली, पण उतरले नाही. हाक मारावी असं वाटलं, तेवढ्यात घंटा झाली. मुली पळाल्या. रंगाऱ्यानं ब्रश चुन्यात बुडवला आणि जरा अवघडून विचारलं, "बाई, पुसू ना आता?"

"पूस की. तुझं काम आहे ते," बाई हात झटकत म्हणाल्या. दोन पावलं गेल्या आणि परत वळल्या. "पण चुना जरा जाड दे. काल पातळ दिलास, त्याच्यावर कोळसा नीट उठत नाही."